४२ माणसांचं वर्कशॉप आणि आयएसओ ९००१

प्रश्न भोसरीच्या एका तरुण मालकाचा आहे. ४२ माणसं, ६ सीएनसी, २ व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापणारी मशीनं), दोन पाळ्या. गिऱ्हाईक ड्रॉइंग देतं, हे जॉब करून देतात. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेरून होतं. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलंय की सहा महिन्यांत आयएसओ ९००१ (गुणवत्ता सांभाळण्याच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) घ्या, नाहीतर नवे पार्ट मिळणार नाहीत. एक कन्सल्टंट पंधरा दिवसांत फायलींसकट सर्टिफिकेट द्यायला तयार आहे. वडिलांचं म्हणणं, तीस वर्षं कागदाशिवाय धंदा केला, आता ही थेरं कशाला? तर सुरुवात कुठून करायची?

पंधरा दिवसांचा विषय आधी निकालात काढतो. आयएसओ ही जिनिव्हातली संस्था मानकं लिहिते, सर्टिफिकेट देत नाही. ते देते प्रमाणन संस्था, आणि तिलाही कुणीतरी तपासून मान्यता दिलेली असावी लागते. आपल्याकडे ते काम क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं एनएबीसीबी हे मंडळ करतं. ऑडिट किती दिवस करायचं याचंही कोष्टक आहे. २६ ते ४५ माणसांच्या कंपनीला ९००१ साठी दोन टप्पे मिळून मुळात ऑडिटरचे ४ दिवस धरतात. काम साधं असेल, दोन्ही पाळ्यांत तेच चालत असेल तर थोडी कपात होते. पण चार दिवसांचे चार तास होत नाहीत. शिवाय ज्याने सिस्टिम बसवली त्यानेच सर्टिफिकेट द्यायचं हे नियमात बसत नाही. शिकवणी घेणाऱ्यानेच बोर्डाचे पेपर तपासण्यातला प्रकार. असलं सर्टिफिकेट दिसायला झकास असतं. गिऱ्हाइकाच्या सप्लायर क्वालिटीच्या माणसाने त्यावर मान्यतेचा लोगो शोधला की उघडं पडतं, आणि मग तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही त्याचा विश्वास उडतो. तो उडालेला विश्वास परत मिळवायला सर्टिफिकेटपेक्षा जास्त पैसे पडतात.

कन्सल्टंट घेऊच नका असं मी म्हणत नाही, माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. फक्त पहिल्या भेटीत तो काय करतो ते बघा. लॅपटॉप उघडून दुसऱ्या कंपनीच्या फायली दाखवायला लागला तर चहा पाजा आणि निरोप द्या. "आधी शॉपमध्ये एक चक्कर मारू" म्हणाला तर पुढे बोला.

मी पहिली सिस्टिम बसवली ती १९९४ च्या आवृत्तीवर. तेव्हा मानकात वीस कलमं होती, म्हणून आम्ही वीस फायली केल्या. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात त्या कपाटातून निघायच्या, ऑडिटर गेला की परत कपाटात. काम आपलं जुन्याच पद्धतीने चालू. आज २०१५ ची आवृत्ती आहे, कलमं दहा, त्यातली पहिली तीन प्रास्ताविक आणि खरी ४ ते १० अशी सात. तरी लोक पहिल्या दिवशी सात फायलीच करतात. तुम्ही मानक विकत घ्या (भारतीय मानक ब्युरोकडे आयएस/आयएसओ ९००१ नावाने मिळतं), एकदा शांतपणे वाचा, आणि तीन आठवडे बाजूला ठेवा.

त्या तीन आठवड्यांत एक जॉब फिरवा. नेहमीचा, मध्यम भानगडीचा, बाहेरची प्लेटिंग असलेला एखादा जॉब घ्या आणि त्याचा मागोवा उलटा काढा: डिस्पॅचपासून पर्चेस ऑर्डरपर्यंत. वही घ्या, मोबाइल नको. डिस्पॅचवाल्याला विचारा, हे पीस पास झालेत हे तुला कसं कळलं? इन्स्पेक्टरला विचारा, कोणत्या ड्रॉइंगवरून तपासले? मशीनवर जा, तिथलं ड्रॉइंग बघा. प्लेटिंगचं चलन काढा. माल परत आला तेव्हा जाडी कुणी मोजली, की फक्त पीस मोजून आत घेतले? शेवटी ऑर्डरपाशी पोचलात की बघा, गिऱ्हाइकाने काय मागितलं होतं आणि कोणत्या रिव्हिजनप्रमाणे.

अशाच एका चकरेत एका मशीनवर मला ऑपरेटरच्या ड्रॉवरमधून लॅमिनेट केलेलं ड्रॉइंग मिळालं. रिव्हिजन बी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रिव्हिजन सी. फरक एका चॅम्फरचा (कडेच्या तिरप्या कापाचा) आणि एका होलच्या टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या सुटीचा). आणि त्या बी वर ऑपरेटरने पेन्सिलने सी ची मापं लिहून ठेवली होती! पीस बरोबर येत होते. मालकाला वाटलं, चला, काही बिघडलेलं नाही. मी विचारलं, हा ऑपरेटर गावी गेला की मशीनवर कोण असतो? तो म्हणाला, नवीन पोरगा. पोराने ती पेन्सिल पुसट झालेली असताना काय वाचलं असतं? कागदपत्रांच्या नियंत्रणाचं कलम एवढ्यासाठी आहे. त्यावर चार पानी प्रोसिजर लिहून भागत नाही. मशीनवर एकच ड्रॉइंग, त्यावर तारीख आणि सही, नवीन आलं की जुनं परत घेऊन फाडायचं, आणि हे कोणी करायचं त्या माणसाचं नाव. झालं. हे अर्ध्या पानात मावतं.

चक्कर संपेल तेव्हा वहीत पंधरा-वीस ठिकाणं असतील जिथे काम एखाद्याच्या आठवणीवर, ओळखीवर किंवा नशिबावर चाललंय. तीच तुमची कामाची यादी. मग मानक पुन्हा उघडा. आता वाचताना प्रत्येक कलमापुढे चेहरा दिसेल, मशीन दिसेल.

लिहायचं किती, हा पुढचा प्रश्न. २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल सक्तीचं नाही, आणि मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह (मालकाच्या वतीने सिस्टिम बघणारा माणूस) या नावाचं पदही नाही. व्याप्ती, धोरण, उद्दिष्टं लेखी हवीत, आणि ठरावीक नोंदी ठेवायलाच हव्यात. बाकी तुमचं काम नीट चालायला जेवढं लागतं तेवढं. माझा अंदाज, तुमच्यासारख्या शॉपला तीस-चाळीस पानं पुरतात, फॉर्म वेगळे. जे करता ते लिहा, असं सगळे सांगतात; मी त्यात एक पुस्ती जोडतो: जे करता ते चुकीचं असेल तर आधी बदला, महिनाभर चालवून बघा, मग लिहा. समन्वयाला एक माणूस जरूर ठेवा, पण तो कॉम्प्युटर येतो म्हणून निवडलेला नवा पोरगा नको. बरीच शॉप्स अशाच एखाद्या पोराला "आयएसओवाला" करून टाकतात आणि मग सिस्टिम त्याच्या टेबलापुरती उरते. प्रॉडक्शनवाल्याला उलटून बोलू शकेल असा सीनियर माणूस द्या.

व्याप्तीचं वाक्य नीट बनवा, सर्टिफिकेटवर तेच छापून येतं आणि गिऱ्हाईक तेच वाचतं. डिझाइनचं कलम (८.३) तुम्हाला लागू नाही असं लिहिता येईल, कारण ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं; पण कारण नोंदवा. एखाद्या छोट्या गिऱ्हाइकाला तुम्हीच माप ठरवून पार्ट सुचवत असाल तर मात्र ही सूट घेऊ नका, ऑडिटर बरोबर तिथेच बोट ठेवतो. बाहेरची हीट ट्रीटमेंट मात्र "आमच्याकडे होत नाही" म्हणून सुटत नाही. हार्डनेस वरून तपासता येतो, पण पीस आतून कसा झालाय हे तो कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्या भट्टीवाल्याकडे वर्षातून एकदा तरी जा, त्याचा तापमानाचा चार्ट मागा, आणि प्रत्येक लॉटबरोबर रिपोर्ट येईल असं ऑर्डरवरच लिहा. २०२४ च्या सुधारणेने आणखी एक विचार करायला लावला आहे: हवामानबदल आपल्याशी संबंधित आहे का. लोक यावर झाडं लावल्याचे फोटो चिकटवतात. तुमच्यासाठी प्रश्न साधा आहे. एप्रिल-मेमध्ये तपासणीच्या खोलीत किती तापतं, आणि पावसाळ्यात पॅकिंगपर्यंत पीसवर गंज चढतो का?

मोजमापाच्या साधनांवर जरा थांबतो, कारण छोट्या शॉपमध्ये सगळ्यात महागात पडतं ते इथेच. सगळी व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, प्लग गेज एका टेबलावर आणा. माझा अनुभव असा की यादीपेक्षा टेबलावर नेहमी जास्त निघतात; ऑपरेटरची स्वतःची, खिशातली. त्यांना नंबर द्या, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेट करून घ्या. हे सगळे करतात. पुढचं कोणी करत नाही. एका कारखान्यात ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर मशीनवरून खाली पडला, ऑपरेटरने उचलून पुसला आणि कामाला लागला. कॅलिब्रेशनचं स्टिकर कायद्याने चालू होतं, अजून पाच महिने बाकी. तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाकडून ओरड आली. मास्टर (पक्क्या मापाचा नमुना) लावून बघितलं तर शून्यालाच दोन शतांशाचा घोळ, ०.०२ मिमी, आणि ड्रॉइंगची टॉलरन्स होती ०.०३. कोणते पीस त्या मायक्रोमीटरने मोजले याची नोंद कुठेच नव्हती, म्हणून तीन आठवड्यांचा सगळा माल संशयात गेला. दोन माणसं चार दिवस गिऱ्हाइकाच्या गोडाउनमध्ये पीस निवडत बसली. तपासणीच्या कागदावर साधनाच्या नंबराचा एक रकाना असता तर हे काम एका दुपारचं होतं. म्हणून तो रकाना घाला, पाळीच्या सुरुवातीला मास्टरवर तपासायची सवय लावा, आणि साधन पडलं हे सांगणाऱ्याला ओरडू नका. ज्या शॉपमध्ये ओरडतात तिथे साधनं कधीच पडत नाहीत!

तीच गोष्ट खराब मालाची. लाल बिन ठेवा, कुलपाचा ठेवा. पण त्याची चावी कुणाकडे, हा खरा प्रश्न. बहुतेक ठिकाणी लाल बिनमधले पीस बाहेर काढतो तो स्वतः मालक. संध्याकाळची गाडी उभी असते, वीस पीस कमी असतात, आणि "जाऊ दे रे, दोन मायक्रॉनने काय होतंय" असं कोणी म्हणायचं तर ते मालकच म्हणू शकतो. त्या दिवशी इन्स्पेक्टरला कळतं की सिस्टिम किती खरी आहे. नेतृत्वाचं पाचवं कलम मी याच क्षणावरून मोजतो, भिंतीवरच्या धोरणावरून नाही. पीस जाऊ द्यायचेच असतील तर गिऱ्हाइकाला फोन करा, त्याची लेखी परवानगी घ्या, ती मेल लॉटला जोडा. मानकाला ते चालतं. गुपचूप गेलेलं चालत नाही.

आता सुधारात्मक कारवाई, म्हणजे चूक पुन्हा होऊ नये म्हणून कारण शोधून केलेला उपाय. एका कंपनीची फाइल मी चाळली होती, अकरापैकी नऊ ठिकाणी कारण "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" आणि उपाय "ऑपरेटरला समज दिली". अशी फाइल बघितली की ऑडिटरला काही विचारावंच लागत नाही. त्यातली एक तक्रार मी पुन्हा उघडायला लावली: बोअर मोठं येतंय, अधूनमधून. तारखा मांडल्या तर जवळजवळ सगळ्या शुक्रवारच्या आणि पहिल्या पाळीच्या. तिथल्या एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी. मशीन दीड दिवस थंड पडलेलं. शुक्रवारी सकाळी ऑपरेटर आला की थेट पीस लावायचा, स्पिंडल तापत जायचं आणि माप सरकत जायचं. पोलाद एका मीटरला एका अंशामागे साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं. मशीनचं अंग दहा-पंधरा अंशांनी तापलं की मायक्रॉनचं काम गेलंच. उपाय निघाला वीस-पंचवीस मिनिटांच्या वॉर्म-अप प्रोग्रॅमचा, आणि पहिला पीस त्यानंतरच तपासायचा. ऑपरेटर मशीन लावून चहाला जाऊ लागला. त्या तक्रारी थांबल्या. ज्याला तीनदा समज दिली होती त्याला कोणी सॉरी म्हटलं की नाही, मला माहीत नाही.

उद्दिष्टं चार-पाचच ठेवा आणि ती आकड्यांत असू द्या: रिजेक्शन, वेळेवर डिलिव्हरी, गिऱ्हाइकाच्या तक्रारी, रीवर्कचे तास. "ग्राहकाचं शंभर टक्के समाधान" हे उद्दिष्ट नाही, लग्नपत्रिकेतलं वाक्य आहे. पहिले दोन महिने आकडे वाईट येतील. त्याचं कारण शॉप बिघडलं हे नसतं, इतके दिवस मोजत नव्हतो हे असतं. वडिलांना हे आधीच सांगून ठेवा.

वेळेचं गणित असं. पहिले तीन आठवडे चक्कर आणि साधनांची यादी. पुढचे सहा-सात आठवडे दुरुस्त्या आणि लेखन. मग दोन-अडीच महिने नुसतं चालवायचं, म्हणजे नोंदी साठतात. ऑडिटर बघतो त्या नोंदीच, आणि त्या एका रात्रीत लिहिल्या की शाईचा रंगच सांगतो: तीन महिन्यांचा तक्ता, एकच पेन, एकच हस्ताक्षर, एकही खाडाखोड नाही, एकही डाग नाही. कूलंटचा डाग नसलेला शॉप फ्लोअरचा कागद मी तरी खरा मानत नाही. चौथ्या महिन्याच्या शेवटी अंतर्गत ऑडिट, पाचव्याच्या सुरुवातीला मॅनेजमेंट रिव्ह्यू (मालकाने सिस्टिमचा घेतलेला आढावा), मग ऑडिटचा पहिला टप्पा. त्यात प्रमाणन संस्था तुमची तयारी बघते, आणि वरच्या दोन्ही गोष्टी झाल्यात का हे हमखास विचारते. सहाव्या महिन्यात दुसरा टप्पा, म्हणजे खरं ऑडिट. त्यानंतर फाइल त्यांच्या ऑफिसात तपासून निर्णय होतो, त्याला आणखी काही आठवडे जातात. थोडक्यात सर्टिफिकेट हातात यायला सातवा महिना उजाडेल. हे गिऱ्हाइकाला आजच लेखी कळवा, प्रमाणन संस्थेला दिलेली ऑर्डर जोडा. माझ्या माहितीत तारखांसकट कळवणाऱ्या सप्लायरला महिनाभर कोणी नाकारलेला नाही.

त्यासाठी तीन प्रमाणन संस्थांचे भाव आत्ताच मागवा. तुमच्या प्रकारच्या कामाची मान्यता त्यांच्याकडे आहे ना, ते विचारा. भाव तीन वर्षांचा मागा, कारण सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी देखरेखीचं ऑडिट होतं. त्याला पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश दिवस लागतात. काहीजण पहिलं वर्ष स्वस्त लावून पुढच्या दोन वर्षांत वसूल करतात. २०१५ ची आवृत्ती बदलली तर तुमचं काम वाया जात नाही. २००८ वरून २०१५ वर जायला तीन वर्षं मिळाली होती.

अंतर्गत ऑडिटला बाहेरून माणूस आणण्याचा मोह होईल. पहिल्या वेळेस आणा, पण तुमच्या तिघांना त्याच्या मागे फिरवा. पुढच्या वेळी स्टोअरवाला डिस्पॅच बघेल, डिस्पॅचवाला पर्चेस. स्वतःचं काम कोणी बघायचं नाही. त्यांना एकच शब्द शिकवा: "दाखवा." "तपासणी करता का?" असं विचारलं की हो येतंच. "काल दुपारच्या पाळीचा कागद दाखवा" म्हटलं की गोष्ट सुरू होते. अंतर्गत ऑडिटमध्ये शून्य त्रुटी निघाल्या तर मला काळजी वाटते, बाहेरच्या ऑडिटरला संशय येतो.

मुख्य ऑडिटच्या आधी काही मालक कामगारांकडून धोरण पाठ करून घेतात. पाठांतर कोणीच मागितलेलं नाही. मशीनवरच्या माणसाला तीन गोष्टी सांगता आल्या की पुरे: कोणत्या ड्रॉइंगवर काम करतोय, कधी आणि कशाने तपासतोय, पीस खराब निघाला तर काय करतो. मराठीत सांगू द्या, हिंदीत सांगू द्या. उत्तर माहीत नसेल तर "सुपरवायझरला विचारतो" हेही उत्तर चालतं. छोट्या त्रुटी निघतील. त्याचं कारण आणि उपायाचा आराखडा दिला, तो त्यांनी मान्य केला की गाडी पुढे जाते. मोठी त्रुटी निघाली तर ती खरोखर मिटल्याची खात्री झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, आणि सहा महिन्यांत मिटली नाही तर दुसरा टप्पा परत. मोठ्या त्रुटी सहसा कुठे निघतात? अंतर्गत ऑडिट झालेलंच नसतं, किंवा एखादी गोष्ट लिहिलेली असते आणि कुठेही चालत नसते. सर्टिफिकेट आल्यावर त्याचा लोगो पार्टवर किंवा पार्टच्या खोक्यावर छापू नका, परवानगी नसते. सर्टिफिकेट पद्धतीचं आहे, मालाचं नाही.

राहिले वडील. त्यांच्याशी वाद घालू नका. तीस वर्षं धंदा चाललाय म्हणजे सिस्टिम होतीच, फक्त ती त्यांच्या डोक्यात होती. कोणता प्लेटिंगवाला दिवाळीआधी घाई करतो, कोणत्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग एक म्हणतं आणि असेंब्ली दुसरंच मागते, कोणत्या मशीनचा टरेट कुठे नखरे करतो. मानकात या ज्ञानाला स्वतंत्र कलम आहे, ७.१.६. रोज अर्धा तास त्यांच्याबरोबर शॉपमध्ये बसा आणि ते बोलतील ते दोनशे पानी वहीत लिहून घ्या. ऑडिटरला ती वही तशीच दाखवा, टाइप करू नका. आणि लाल बिनची चावी त्यांच्याकडून मागून घ्या, इन्स्पेक्टरकडे द्या, त्यांच्यासमोर. सहा महिन्यांतलं सगळ्यात अवघड काम हेच असणार आहे, म्हणून पहिल्या आठवड्यात करा.